नुसतं उडायला

मुंबईहून गोव्याला निघालेल्या विमानात जवळजवळ प्रत्येकाला गोव्याला जायचं असतं. कुणाला लग्नघर गाठायचं असतं, कुणाला समुद्रकिनारा, कुणाला दुसऱ्या दिवशीची ड्यूटी. मधला पाऊण तास त्यांना फक्त संपवायचा असतो. दार बंद झालं की खिडकीची झडप खाली येते, मोबाइलवर आधीच उतरवून ठेवलेली मालिका सुरू होते आणि शंभर वर्षांपूर्वी पृथ्वीवरच्या जवळजवळ कुणालाही पाहता आलं नसतं असं काहीतरी झडपेच्या पलीकडून निघून जातं.

मला हवा असतो तो पाऊण तासच. स्वस्त तिकीट मिळालं की दुपारी निघायचं, मोपा विमानतळावर उतरायचं, चहा प्यायचा, पाव-भाजी खायची आणि संध्याकाळच्या विमानाने परत यायचं. एकदा शेजारच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, "गोव्यात कोण असतं तुमचं?" मी म्हटलं, "कुणी नाही, मावशी. नुसतं उडायला आलोय." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मग खाली काय काय दिसतंय ते मलाही सांगा की." त्या दिवशी मला सुचलं तेवढं सांगितलं. पण सांगण्यासारखं त्याहून पुष्कळ होतं.

लांबच्या उड्डाणात तासन्‌तास काहीच बदलत नाही. छोट्या उड्डाणात ती मधली सपाटी जवळजवळ नसतेच: वीसेक मिनिटं चढण, दहा-बारा मिनिटं एका पातळीवर, आणि लगेच उतरण. जे जे पाहण्यासारखं, ऐकण्यासारखं आणि अंगाला जाणवण्यासारखं असतं ते सगळं या उड्डाणात एकापाठोपाठ एक येतं. विमानप्रवासातला उत्तम भाग सर्वांत स्वस्त तिकिटावर मिळतो, असं माझं ठाम मत आहे.

आणि हे तिकीट स्वस्त होण्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे. वेळापत्रकानुसार चालणारी जगातली पहिली विमानसेवा १ जानेवारी १९१४ रोजी अमेरिकेत फ्लोरिडात सुरू झाली. सेंट पीटर्सबर्ग ते टॅम्पा, खाडी ओलांडून २३ मिनिटांचं उड्डाण. विमान पाण्यावरून उडणारं, वैमानिक टोनी जॅनस, आणि जागा एकाच प्रवाशासाठी. भाडं ५ डॉलर होतं, पण पहिल्या फेरीच्या तिकिटाचा लिलाव झाला आणि ते ४०० डॉलरला गेलं. म्हणजे विमानसेवेचा जन्मच छोट्या पल्ल्यावर झाला, आणि पहिल्याच दिवशी एका माणसाने निव्वळ उडण्याच्या मानासाठी ऐंशी पट पैसे मोजले.

आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी २८ वर्षांचे जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाची थैली घेऊन निघाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूच्या मातीच्या धावपट्टीवर उतरले. विमान पस मॉथ जातीचं, एका इंजिनाचं. मुंबईहून आज गोव्याला निघताना विमान बहुधा पश्चिमेकडे तोंड करून उडतं आणि समुद्रावर जाण्याआधीच्या काही सेकंदांत उजवीकडे तीच जुहूची धावपट्टी दिसते. तिथे आता हेलिकॉप्टरं उभी असतात. मी बसतो डावीकडे, त्यामुळे मला ती मान लांब करूनच पाहावी लागते. पण पाहिल्याशिवाय राहवत नाही.

टाटांच्या त्या उड्डाणाच्या काळात मुंबईहून गोव्याला जायची रीत म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट. बंदरामागून बंदर घेत, होड्यांनी माणसं उतरवत-चढवत जाणाऱ्या त्या बोटीवर दिवस आणि रात्र काढावी लागे. कोकण रेल्वे पूर्ण होऊन गाडी थेट धावू लागली ती १९९८ मध्ये. सामान्य माणसासाठी विमान मात्र आलं त्याहूनही नंतर. कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने ऑगस्ट २००३ मध्ये बेंगळुरू-हुबळी उड्डाणाने कमी भाड्याच्या विमानसेवेची सुरुवात केली, आणि २०१७ पासून 'उडान' योजनेत छोट्या शहरांच्या तासाभराच्या उड्डाणांत काही जागांना अडीच हजार रुपयांची मर्यादा आली. या धंद्यातली मेख अशी की दार बंद झालं की रिकामी राहिलेली खुर्ची कायमची वाया जाते. विमान तर उडणारच, त्याचं इंधन जवळजवळ तेवढंच जळणार. म्हणून शेवटच्या काही खुर्च्या ज्या मोसमात भरत नाहीत त्या मोसमात भाव उतरतात. स्वस्त कंपन्या विमान जमिनीवर टेकवल्यापासून अर्ध्या तासात पुन्हा उडवायचा प्रयत्न करतात, कारण उभं विमान कमावत नाही. छोट्या पल्ल्याचं एक विमान दिवसात सहा-सहा फेऱ्या करतं ते यामुळेच.

नुसतं उडायला जाणाऱ्यांची एक पंढरीही आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये १९६७ पासून विमान जातं. अंतर २.७ किलोमीटर. वेळापत्रकात या उड्डाणाला दोन मिनिटं दिलेली आहेत आणि वारा अनुकूल असताना ते ५३ सेकंदांतही झालेलं आहे. आठ प्रवाशांचं छोटं आयलंडर विमान, पापा वेस्ट्रेवरची वस्ती शंभराच्या आत. शिक्षक, डॉक्टर, शाळेची मुलं यांच्यासाठी तो रोजचा रस्ता आहे. पण त्यांच्या शेजारी जगाच्या कुठल्याही टोकाहून आलेला एखादा माणूस बसलेला असतो, ज्याला त्या बेटावर काहीही काम नसतं. मला त्या माणसाची ओढ अगदी आतून कळते.

आता आपल्या विमानात या.

ए-३२० जातीच्या विमानात बसल्यावर, ते जागचं हलण्याच्या सुमारास, जमिनीखालून कुणीतरी करवत चालवत असल्यासारखा खरखर आवाज येतो. काहींना तो भुंकण्यासारखा वाटतो, आणि जगभरचे विमानवेडे त्याला भुंकणारा कुत्राच म्हणतात. नवखा प्रवासी तो ऐकून घाबरतो. विमानाची चाकं, पंखांवरच्या फळ्या, ब्रेक हे सगळं दाबाखालच्या तेलाने हलतं आणि या तेलाची मंडलं एकाहून जास्त असतात. एका मंडलात दाब पुरेसा नसेल तर दुसऱ्यातल्या दाबाने एक छोटा पंप चालतो आणि कमी पडलेला दाब भरून काढतो. एकच इंजिन सुरू असताना हे सारखं घडतं. तो आवाज म्हणजे एका हाताने दुसऱ्याला आधार दिल्याची खूण आहे.

धावपट्टीच्या तोंडाशी '२७' असा मोठा आकडा रंगवलेला असतो. शून्य जोडा: २७० अंश, म्हणजे होकायंत्रावरची पश्चिम. जगातल्या प्रत्येक धावपट्टीवर असा तिच्या दिशेचा आकडा असतो, आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हळूहळू सरकत असल्यामुळे काही विमानतळांवर काही दशकांनी तो पुसून नवा रंगवावा लागतो. मुंबईत वर्षाचा बराच काळ वारा समुद्रावरून येतो, आणि विमानाला उडताना वारा समोरून हवा असतो. म्हणून आपण बहुधा समुद्राकडे तोंड करून सुटतो.

पाठ खुर्चीला टेकते. तीस-पस्तीस सेकंदांत वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास पोचतो, नाक वर होतं आणि चाकांची घरघर एकदम थांबते. इथे मी दर वेळी एक हिशेब मनात करतो, कारण तो केल्याशिवाय या क्षणाचं मोल कळत नाही. छोट्या पल्ल्याला निघालेलं हे विमान ६५ टनांच्या आसपास भरतं. त्याच्या पंखांचं क्षेत्रफळ सुमारे १२३ चौरस मीटर आहे, म्हणजे साधारण तेराशे चौरस फूट, मुंबईतल्या एखाद्या ऐसपैस फ्लॅटएवढं. भागाकार केला तर पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरला ५३० किलो उचलायचे आहेत. ऐकायला फार वाटतं. पण आपल्या डोक्यावर जी हवा आहे ती समुद्रसपाटीला प्रत्येक चौरस मीटरवर दहा हजार किलोंहून जास्त भार टाकत असते. सर्व बाजूंनी सारखाच असल्यामुळे तो आपल्याला जाणवत नाही. पंखाने करायचं एवढंच की वरच्या आणि खालच्या दाबात त्या भाराच्या विसाव्या भागाएवढा फरक पाडायचा. हवेच्या रोजच्या दाबातले शंभरातले पाच हिस्से इकडचे तिकडे झाले, आणि तेवढ्यावर दीडपावणेदोनशे माणसं, त्यांच्या बॅगा, इंजिनं आणि इंधन आकाशात उभं आहे.

हा फरक पडतो कसा? शाळेत बऱ्याचदा सांगतात की पंखाची वरची बाजू फुगीर असल्याने वरच्या हवेला जास्त अंतर कापावं लागतं, आणि खालच्या हवेला मागच्या टोकाशी गाठायचं म्हणून ती वेगाने जाते. तसं काही होत नाही. दोन्ही हवांनी एकाच वेळी पोचावं असा निसर्गात कुठलाही नियम नाही, आणि प्रयोगात वरची हवा खालच्या हवेच्या बरीच आधी मागे पोचलेली दिसते. पंख तिरका धरलेला असतो आणि त्याला बाक असतो. हवा त्या बाकाला धरून वाहते आणि पंख सोडताना खालच्या दिशेला वळलेली असते. हवा वळवण्यासाठी पंखाच्या वर दाब कमी आणि खाली जास्त व्हावा लागतो. विमान हवेला खाली लोटतं, हवा विमानाला वर. तुम्ही ढगाच्या अगदी माथ्याला घासून जाणाऱ्या विमानाचा मागून घेतलेला फोटो पाहिला असेल, तर त्यात ढगात पडलेली लांब चर दिसते. ती या खाली लोटलेल्या हवेची.

उडाल्यावर अर्ध्या-पाऊण मिनिटाने इंजिनांचा आवाज एकदम खाली येतो आणि पोटात गोळा उठतो. विमान खाली चाललंय असं वाटतं. ते वरच चाललेलं असतं. उड्डाणाला लागणारा पूर्ण जोर आता नको असतो, म्हणून वैमानिक तो थोडा कमी करतो. आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारे बारीक खड्यांचे कोश आहेत. मागे रेटणारा वेगाचा जोर आणि पृथ्वीचं ओढणं यांतला फरक त्यांना ओळखता येत नाही. रेटा कमी झाला की त्यांना वाटतं, नाक खाली झुकलं. अशा वेळी खिडकीबाहेर क्षितिजाकडे पाहावं. डोळे कानांची चूक दुरुस्त करतात.

कानांचं आणखी एक. केबिनमधला दाब समुद्रसपाटीचा ठेवत नाहीत, कारण तसं केलं तर विमानाची कातडी आतून फार ताणली जाईल. अशा उड्डाणात आतली हवा साधारण कळसूबाईच्या माथ्यावरच्या हवेइतकी विरळ होते, लांबच्या आणि अधिक उंचीवरच्या उड्डाणांत त्याहूनही जराशी जास्त. कळसूबाई १६४६ मीटर. ज्या माथ्यावर आपण बारी गावातून घाम गाळत, शिड्या चढत तीन-चार तासांनी पोचतो, तिथली हवा इथे पंधरा-वीस मिनिटांत बसल्या जागी मिळते. बाहेर तोवर उणे तीस अंश झालेलं असतं. वर जाताना कान सहज मोकळे होतात, कारण आत कोंडलेली हवा घशाकडच्या नळीतून स्वतःच बाहेर पडते. उतरताना मात्र हवा आत यायला हवी असते आणि ती मऊ नळी दाबाने मिटते; म्हणून लहान मुलं उतरतानाच रडतात. त्यांना त्या वेळी काहीतरी चोखायला किंवा प्यायला द्यावं.

वांद्रे-वरळीचा सागरी सेतू डावीकडे मागे पडतो, विमान डाव्या कुशीवर वळतं आणि दक्षिणेचा रस्ता धरतं. कधी ते किनाऱ्याच्या थोडं आतून जातं, कधी समुद्रावरून. ते हवाई नियंत्रकाच्या हातात. डाव्या खिडकीला मात्र दोन्ही वेळा सह्याद्री असतो. जागा निवडायचे जास्तीचे पैसे घेतात ते मी आनंदाने देतो आणि पंखाच्या पुढची रांग मागतो. पंखाच्या मागे बसलं तर इंजिनातून निघणाऱ्या गरम हवेत सगळं दृश्य थरथरतं.

दुपारचं ऊन पश्चिमेकडून येऊन सह्याद्रीच्या अंगावर सरळ पडलेलं असतं. अशा उन्हात डोंगरांवरच्या आडव्या रेघा दिसतात, एकीवर एक, मैलोगणती सलग. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, थंड झाला, त्यावर पुन्हा पसरला. प्रत्येक रेघ म्हणजे असा एक थर. पायी चढताना तोच थर आपल्याला कातळकडा म्हणून आडवा येतो आणि आपण त्याला वळसा घालून वर जातो; त्याचा विस्तार मात्र वरूनच कळतो. एका खोऱ्यातला कडा पलीकडच्या खोऱ्यात त्याच उंचीवर पुढे चालू असतो. मधलं सगळं पाण्याने नेलं.

आणि मग महाबळेश्वरचं पठार येतं. पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांचा उगम मानतात: कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. देवळात उभं राहिल्यावर त्या सगळ्या एकाच ठिकाणच्या वाटतात. वरून पाहिलं की त्यांच्या नशिबातला फरक डोळ्यांसमोर येतो. सावित्री पश्चिमेच्या कड्यावरून खाली येते, पोलादपूर-महाडवरून शंभरेक किलोमीटरांत बाणकोटला समुद्राला मिळते. कृष्णा त्याच पठारावरून पूर्वेला वळते आणि सुमारे चौदाशे किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला भेटते. अरबी समुद्र मागे अगदी दिसेल इतका जवळ असून तिला तिकडे जाता येत नाही, कारण सह्याद्रीचा माथा थोडासा पूर्वेला कललेला आहे. नऊ किलोमीटर उंचीवरून क्षितिज ३४० किलोमीटर लांब असतं. हवा धुतलेली असेल तर माथ्याच्या पलीकडचा देश पसरलेला दिसतो, आणि माथ्याला लागूनच उत्तर-दक्षिण लांबलेलं कोयनेचं पाणी, शिवसागर.

त्या पाण्याकडे जरा वेळ पाहावं. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते; म्हणजे हे पाणी बंगालच्या उपसागराचं. माणसाने सह्याद्रीच्या पोटातून बोगदे काढले, ते पाणी पश्चिमेला वळवलं, पोफळीच्या बाजूला खाली सोडून वीज केली, आणि वीज करून उरलेलं पाणी वाशिष्ठीत गेलं. ती चिपळूणवरून वाहत दाभोळला अरबी समुद्राला मिळते. डाव्या खिडकीतून धरण, समोर सह्याद्रीचा कडा आणि खाली वाशिष्ठीचं खोरं असं तिन्ही एका नजरेत येतं. भूगोलाच्या पुस्तकात या गोष्टी तीन वेगळ्या प्रकरणांत होत्या.

ढग असतील तरी निराश होऊ नये. मी तर थोडे ढग असावेत अशीच इच्छा करतो. सूर्य पश्चिमेला, आपण डाव्या खिडकीत, खाली पांढऱ्या ढगांची चादर. तिच्यावर सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला एक लहानसं रंगीत वर्तुळ विमानाबरोबर पळताना दिसतं, आत निळसर, बाहेर तांबूस. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पावसाळ्यात जाणारे लोक ज्याला इंद्रवज्र म्हणतात तेच हे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे ते पाहून लिहून ठेवलं. कड्यावर ते दिसायला दरीत धुकं, पाठीशी ऊन आणि नशीब तिन्ही लागतात. लोक त्यासाठी वर्षानुवर्षं चढतात. विमानात ते इतकं नेमाने दिसतं की मला वाटतं, त्याची घोषणा करायला हवी.

इंद्रधनुष्य पावसाच्या मोठ्या थेंबांतून प्रकाश वळून येतो तेव्हा होतं. इंद्रवज्राला ढगातले सूक्ष्म थेंब लागतात. ते प्रकाश जवळजवळ आल्या वाटेने परत पाठवतात, आणि परतताना प्रकाशाच्या लाटा एकमेकींत मिसळून रंग वेगळे होतात. थेंब जितके बारीक तितकं वर्तुळ मोठं. म्हणून ढग बदलला की ते वर्तुळ आपल्या डोळ्यांदेखत लहानमोठं होतं. त्याच्या मध्यावर विमानाची सावली असायला हवी, पण उंचावरून ती दिसत नाही. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात त्याची अर्ध्या अंशाची थाळी आहे, म्हणून चार मीटर रुंदीच्या विमानाची गडद सावली चारपाचशे मीटरांतच विरून जाते. उतरताना विमान ढगाजवळ आलं की वर्तुळाच्या आत अचानक सावली उमटते आणि मोठी होत जाते. तेव्हा एक गोष्ट नीट पाहा. वर्तुळाचा मध्य विमानाच्या सावलीत नेमका तुम्ही बसलात त्या जागी असतो. चौथ्या रांगेतल्या माणसाचं वर्तुळ चौथ्या रांगेभोवती, पंचविसाव्या रांगेतल्या बाईंचं पंचविसाव्या रांगेभोवती. सगळे एकाच ढगाकडे पाहत असतात आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत येणारा प्रकाश वेगळ्या थेंबांतून आलेला असतो. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खिडकीच्या काचेला नाक लावून कितीतरी वेळ त्या सावलीत माझी जागा मोजत होतो.

रत्नागिरीच्या आसपास इंजिनं शांत होतात. बंद नाही, पण इतकी मंद की त्यांचा जोर जवळजवळ नाहीसाच होतो. इथून गोवा दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर आहे, आणि ते अंतर आपण बरंचसं घसरत जाणार असतो. आधुनिक प्रवासी विमान इंजिनाच्या जोराशिवाय आपल्या उंचीच्या सतराएक पट अंतर तरंगत जाऊ शकतं. उंची ही चढताना जाळलेल्या इंधनाची ठेव आहे, आणि उत्तम वैमानिक ती ठेव मध्येच न उधळता शेवटपर्यंत पुरवतो. राजापूर, देवगड, कणकवली हे सगळं आपण असं जवळजवळ फुकट पार करतो. खाली जांभ्याचे सडे दिसू लागतात, उघडे, काळपट तांबडे, मधूनमधून आंब्याच्या बागांचे हिरवे चौकोन. याच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी कातळशिल्पं कोरली. कशेळीचा हत्ती एवढा मोठा आहे की जवळ उभं राहून तो पूर्ण नजरेत मावत नाही. उंचावरून पाहण्याची सोय नसलेल्या काळात हे चित्र कुणाच्या मनात पूर्ण उभं होतं, हा प्रश्न मला विमानातच सुचतो. सिंधुदुर्गात शिरल्यावर डोंगरांचे माथे सपाट राहत नाहीत. लाव्हाचा काळा कातळ इथे संपत येतो आणि त्याच्याखालचे कितीतरी जुने खडक वर येतात. महाराष्ट्राचा पाया इथे उघडा पडलेला आहे.

मोपा विमानतळ पेडणे तालुक्यातल्या अशाच एका जांभ्याच्या पठारावर आहे, जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला. तिथे परतीच्या विमानाला तीनेक तास ठेवावेत, म्हणजे बाहेर पडून पुन्हा तपासणीतून आत यायला घाई होत नाही.

या आनंदाची किंमत तिकिटापेक्षा जास्त आहे, हे मला ठाऊक आहे. ए-३२० तासाला दोन ते अडीच टन इंधन जाळतं आणि एक किलो इंधनातून तीन किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. भरलेल्या विमानात गोव्यापर्यंत माझ्या वाट्याला पस्तीस-चाळीस किलो येतात, आणि तेवढेच परतताना. विजेवर धावणाऱ्या कोकण रेल्वेत हा आकडा कितीतरी कमी असतो. त्यामुळे कामासाठी कोकणात जाताना मी रेल्वेनेच जातो आणि हे उडणं क्वचित, ठरवून, झडप पूर्ण उघडी ठेवून करतो. न पाहता उडालेल्या पाऊण तासाची मला खरोखर खंत वाटते; इंधन तेवढंच जळलेलं असतं.

परतीलाही जागा डावीकडचीच घ्या. तोंड आता उत्तरेला, त्यामुळे डावीकडे समुद्र आणि मावळतीचा सूर्य. ऑक्टोबर-नोव्हेंबरात साडेपाचच्या सुमाराचं विमान मिळालं तर उत्तमच. कललेल्या उन्हाचं प्रतिबिंब पाण्यात जिथे पडतं ती जागा आपल्याबरोबर उत्तरेला सरकत असते. विमान किनाऱ्याच्या आतून जात असेल तर ती जागा थेट खाड्यांवरून जाते. तेरेखोल उजळते आणि विझते, मग कर्लीचं देवबागपाशी समुद्राला समांतर गेलेलं पाणी, मग विजयदुर्गला वाघोटणची खाडी, मग जैतापूर. ज्या ओढ्याला एरवी आपण पाहिलंही नसतं तोसुद्धा एका सेकंदापुरता सोनेरी होतो, आणि कोकणाची सगळी पाण्याची जाळी, भातखाचरांपर्यंत गेलेली, त्या उजेडात उलगडत जाते. किनाऱ्यावर सूर्य बुडाल्यावरही विमानात तो बारा-तेरा मिनिटं दिसत राहतो, कारण उंचीमुळे आपलं क्षितिज तीन अंश खाली गेलेलं असतं. खाली किनाऱ्यावरच्या गावांत दिवे लागलेले दिसतात आणि आपल्या मांडीवर ऊन असतं.

मुंबईत विमान टेकल्यावर पंखांवर फळ्यांची एक ओळ ताडकन उभी राहते. पंख अजूनही विमान उचलायच्या प्रयत्नात असतो; या फळ्या त्याची उचल मोडतात आणि सगळं वजन चाकांवर टाकतात, म्हणजे ब्रेक पकड घेतात. त्यानंतरच इंजिनांचा तो मोठा गडगडाट. पंखाच्या मागे बसण्याचा हा एकच फायदा: फळ्या उठताना अगदी जवळून दिसतात.

आता माझ्या मनात एटीआर आहे. सत्तर-बहात्तर जणांचं, दोन पंख्यांचं ते विमान छोट्या शहरांच्या मार्गांवर असतं. त्याचे पंख खिडक्यांच्या वर बसवलेले आहेत, त्यामुळे बहुतेक प्रत्येक खिडकीतून सरळ खाली दिसतं. ते ए-३२०पेक्षा खालून आणि सावकाश जातं, ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास. त्याच्या खिडकीतून पावसाळा सरतानाचा घाटमाथा पाहायचा आहे, धबधबे अजून आटलेले नसताना. त्या दिवसांची भाडी मी आतापासून बघायला लागलोय.